मुका झालेला वूफर

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे निघालं की लिंबगावच्या आधी चुडावा स्टेशन लागतं. आसपासच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्सचा बारीकसारीक माल हवा असेल तर नांदेड गाठावं लागतं. टीव्हीखाली ठेवलेला वूफरचा खोका मराठवाड्यातल्या गावांत आता नवलाचा राहिलेला नाही. कुठे तो कंपनीचा असतो, कुठे सुटे भाग आणून असेंबल केलेला. चुडाव्यासारख्या गावात असा खोका बंद पडला, तर मी आधी गाण्याकडे न बघता विजेकडे बघतो. जळालेला भाग बदलणं फार अवघड नाही. पण तो कशामुळे जळाला हे न शोधता बदलला, तर महिन्याभरात नवा भागही जळतो, आणि बोल लागतो तो कारागिराला किंवा ‘डुप्लिकेट माला’ला.

पॉवर्ड सबवूफर म्हणजे ज्याचा अॅम्प्लिफायर त्याच्याच खोक्यात बसवलेला आहे असा वूफर. आत चार गोष्टी असतात: सप्लाय, फक्त खालचे सूर पुढे सोडणारा फिल्टर, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर. चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल आणि तिला चिकटवलेला कोन, ही स्पीकरची रचना जनरल इलेक्ट्रिकचे चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली, आणि तिच्या तत्त्वात तेव्हापासून फारसा फरक पडलेला नाही. ढोलाच्या ठोक्यातला जो भाग छातीत जाणवतो तो साधारण ४० ते ८० हर्ट्झचा. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर हवेत साडेआठ मीटर लांब असते. एवढी लहर उठवायला कोनाला मागेपुढे बरंच अंतर हलावं लागतं, त्यासाठी करंट लागतो, करंटबरोबर उष्णता येते, आणि खोका सतत हादरत राहतो. वूफरचे बहुतेक आजार वीज, उष्णता आणि हादरे या तीन वाटांनीच येतात.

आधी विजेची वाट तपासू. छोट्या आणि असेंबल केलेल्या वूफरमध्ये ‘टीडीए २०३०’ ही पाच पायांची आयसी आपल्याकडे सर्रास दिसते. तिच्याबरोबर बहुधा १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर असतो. घरात २३० व्होल्ट येत असतील तर ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट देतो. डायोडच्या ब्रिजमधून कपॅसिटरवर येईपर्यंत ते लहरीच्या शिखराला पोहोचतात: १२ गुणिले १.४१४, म्हणजे जवळपास १७. डायोडमध्ये एखादा व्होल्ट खर्ची पडतो आणि आयसीला अधिक-उणे १६ व्होल्ट मिळतात. या आयसीची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ आहे. दोनच व्होल्टची मोकळीक! लाईट २७० ला चढली की हेच गणित १९ वर जातं. शिवाय लोड कमी असताना ट्रान्सफॉर्मर लेबलवर लिहिल्यापेक्षा थोडे जास्तच व्होल्ट देतो. आयसीच्या आत शॉर्ट सर्किटपासून आणि जास्त तापण्यापासून बचावाची सोय आहे. जास्त व्होल्टपासून बचावाची नाही.

खेड्यात २७० होतात का? होतात, आणि त्याहून वाईटही होतं. डीपीवरचा, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की तीन फेजवरची घरं नकळत एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथल्या घरात व्होल्ट चढतात, अगदी ४०० च्या जवळ जाऊ शकतात, आणि शेजारच्या फेजवरचे दिवे मिणमिणतात. पंखा एकाएकी जोरात फिरू लागला आणि बल्ब पांढराफटक पेटला, तर मेन स्विच ताबडतोब पाडावा आणि लाईनमनला कळवावं. म्हणून बंद वूफर समोर आला की माझा पहिला प्रश्न असा: कधी बंद पडला, आणि त्या रात्री गल्लीत आणखी कोणाचं काय जळालं? शेजारच्या घरातले दोन चार्जर आणि एक टीव्ही त्याच वेळी गेले असतील, तर निम्मं निदान खोका न उघडताच झालं.

उरलेलं निम्मंही शक्य तितकं बाहेरूनच करावं. त्याच सॉकेटला दुसरं काही लावून पाहा. वूफरची वायर प्लगजवळ आणि खोक्याजवळ वाकवून पाहा, कारण तिथेच ती आतून तुटते. उंदरांनी कुरतडली आहे का तेही पाहा. खोक्याला हवेसाठी ठेवलेलं गोल भोक उंदराला घरात शिरायला पुरेसं असतं, आणि आतल्या वायरी त्याच्या तावडीत सापडतात. प्लग काढून मागचा फ्यूज बाहेर घ्या. काचेच्या आत तार नुसती मधून वितळलेली असेल तर फ्यूज म्हातारा झाला असेल किंवा क्षणभर झटका आला असेल. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत कडकडीत शॉर्ट आहे, आणि नवा फ्यूजही लगेच उडणार. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घ्यावा. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये तो बहुधा सावकाश वितळणारा असतो, कारण स्विच दाबताक्षणी ट्रान्सफॉर्मर मोठा घोट घेतो.

फ्यूजच्या जागी वायरमधली एक तार काढून गुंडाळण्याची सवय गावोगाव आहे. तिच्यामुळे वूफर त्या संध्याकाळी चालू होतो आणि कधीतरी लाकडी खोक्यात ट्रान्सफॉर्मर लाल होईपर्यंत तापतो. त्या खोक्यात कापूस किंवा फोम भरलेला असू शकतो, आणि खोका पडद्याला टेकून ठेवलेला असतो. ही तार कोणीही, कोणाच्याही घरी, एका रात्रीपुरतीसुद्धा लावू नये.

दिवा लागतो पण आवाज नाही, अशी तक्रार असेल तर ऑडिओ वायरचं वूफरकडचं टोक तसंच ठेवून दुसरं टोक टीव्हीतून काढा. वूफरचा व्हॉल्यूम थोडा वर घ्या आणि पिनच्या अगदी टोकाला बोट लावा. ‘घूंऽ’ असा आवाज आला तर फिल्टर, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर हे तिन्ही जिवंत आहेत. दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये किंवा वायरीत. बोटाला मुंग्या आल्या तर मात्र हात काढा आणि घरातलं अर्थिंग आधी तपासून घ्या. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर कंट्रोलच्या आतल्या कार्बनवर धूळ बसली आहे. प्लग काढून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि खुंटी वीसेक वेळा फिरवा. बरेच ‘बिघडलेले’ वूफर इथेच बरे होतात.

इथवर काही सापडलं नाही तर खोका उघडावा लागतो, आणि इथे गडबड करून चालत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये तो तीस-बत्तीस व्होल्टांचा असतो. ठिणगी पडते, क्वचित चटका बसतो. पण ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग सप्लाय, असेल, तर त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, कारण २३० गुणिले १.४१४ म्हणजे ३२५. हा झटका जीव घेऊ शकतो. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालू नये. चार्ज काढायचा तर काही किलोओहमचा जाड रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी मिनिटभर लावून पुन्हा मोजावं. स्क्रूड्रायव्हर टेकवून ‘फट्’ करण्याने कपॅसिटर आणि सर्किटची पट्टी दोन्ही खराब होतात, डोळ्यांना धोका असतो तो वेगळाच. एसएमपीएसची मेनकडची बाजू घरी दुरुस्त करू नये, असंच माझं मत आहे. ते काम आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या, रोज तेच करणाऱ्या माणसाचं.

ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर पुढे जाता येतं, पण सिरीज बोर्डाशिवाय नाही. एका पाटीवर होल्डर आणि सॉकेट बसवायचं, आणि फेजची वायर होल्डरमधून फिरवून मगच सॉकेटला न्यायची. होल्डरमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. या सॉकेटला वूफर लावला आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू केला की बल्बच निदान सांगतो. क्षणभर उजळून मंद झाला तर सप्लाय निरोगी. पूर्ण उजेडाने पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने करंटला लगाम घालून उरलेले भाग वाचवले आहेत. आपल्याकडच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांतून चालत आलेली ही युक्ती महागड्या यंत्राहून मोलाची आहे. गावात एकाने बोर्ड केला तर सगळ्या गल्लीला पुरतो.

बल्ब पेटून राहिला तर शॉर्ट कुठे आहे ते तुकडे पाडून शोधायचं. प्लग काढा, अॅम्प्लिफायरकडे जाणारा सप्लायचा जोड सोडवा, पुन्हा लावा. बल्ब मंद झाला तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये. तसाच पेटला तर डायोड, कपॅसिटर किंवा खुद्द ट्रान्सफॉर्मर. डायोड मल्टिमीटरवर एकाच दिशेने आकडा दाखवतो. दोन्ही दिशांनी बीप वाजली तर तो शॉर्ट आहे. आयसीचंही तसंच. टीडीए २०३० चा चौथा पाय आउटपुटचा, तिसरा उणे सप्लायचा आणि पाचवा अधिक सप्लायचा. चौथ्यावरून तिसऱ्याला किंवा पाचव्याला बीप वाजली की आयसी मेली असं समजावं.

नवी आयसी लावताना ‘२०३०ए’ मागून घ्या. पाय तेच, जागा तीच, पण तिची मर्यादा अधिक-उणे २२ व्होल्ट आहे. चढत्या लाईटच्या गावात हे चार जादा व्होल्ट फार कामाचे. तिच्या पाठीचा धातू आतून उणे सप्लायला जोडलेला असतो. म्हणून हीट सिंक चासीला किंवा ग्राउंडला टेकत असेल तर मध्ये अभ्रकाची पातळ चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचं बूच लागतंच, आणि उष्णता नीट जावी म्हणून पांढरी हीट सिंक पेस्टही. ती चकती जुन्या आयसीबरोबर फेकली गेली की नवी आयसी पहिल्याच स्विचला जाते.

आयसी बदलल्याबरोबर स्पीकर जोडायचा नाही. आधी स्पीकरच्या दोन वायरींवर, त्या मोकळ्या असतानाच, डीसी व्होल्ट मोजायचे. शंभर मिलिव्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. दहा-बारा व्होल्ट दिसले तर अॅम्प्लिफायर अजून आजारी आहे. असा सेट स्पीकरला जोडला तर काय होतं त्याचा हिशेब करू. चार ओहमच्या स्पीकरची कॉइल मल्टिमीटरवर साडेतीन ओहमच्या आसपास भरते. तिच्यावर सलग १६ व्होल्ट पडले, आणि सप्लाय तेवढा करंट देऊ शकला, तर साडेचार अँपिअर वाहतात आणि सत्तरच्या वर वॅट नुसती उष्णता होतात. गाणं वाजताना कोन हलतो आणि फटीतली हवाही हलते. डीसीवर तो एकीकडे ताणून थांबतो आणि कॉइल जागच्या जागी भाजते. स्वस्तातल्या आयसीचा बिघाड महागड्या स्पीकरपर्यंत असा पोहोचतो.

स्पीकर स्वतः तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. दोन वायरी क्षणभर टेकवल्या की ‘टक्’ आवाज येऊन कोन पुढे किंवा मागे सरकला पाहिजे. काहीच झालं नाही तर मल्टिमीटर लावा. आकडा आलाच नाही तर कॉइल तुटली आहे, किंवा कोनापर्यंत जाणारी विणलेली मऊ वायर. ती वायर तुटलेली असेल तर दुरुस्ती दहा मिनिटांची आहे, म्हणून स्पीकर भंगारात काढण्याआधी ती जरूर पाहावी. मग दोन्ही हातांची बोटं कोनाच्या कडेला समान अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबा. गुळगुळीत सरकला तर उत्तम. खसखस आवाज आला तर कॉइल जळून फुगली आहे किंवा चुंबकाच्या फटीत कचरा गेला आहे. मोठ्या वूफरची कॉइल शहरात नवी भरून मिळते. छोट्याचा बहुधा स्पीकरच बदललेला बरा. कागदी कोनाला चीर गेली असेल तर टिश्यूचा तुकडा आणि पांढरा फेविकॉल चालतो, पण थर पातळच ठेवा. जाड ठिगळाने कोन एका बाजूला जड होतो. कडेचा फोम बोटाने चुरा होऊन पडत असेल तर तिथे ठिगळ टिकत नाही, नवी कड बसवावी लागते.

आता घूं-घूं. वूफरची ही सगळ्यांत नेहमीची तक्रार आणि सगळ्यांत जास्त वेळ खाणारी. पहिली कसोटी सोपी आहे: ऑडिओच्या सगळ्या वायरी काढा. घूं थांबली तर दोष बाहेर आहे. वायरीची जाळी तुटली असेल, किंवा टीव्ही, डिश आणि वूफर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले जाऊन ग्राउंडचं वेटोळं झालं असेल. डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. घूं गेली तर वेटोळं तिथून जातं. सगळी उपकरणं एकाच थ्री-पिन बोर्डावर आणली की बरेचदा भागतं. त्यासाठी अर्थिंगची पिन कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधी करू नये.

सगळ्या वायरी काढूनही घूं राहिली, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही कमी होत नसेल, तर सप्लायचे मोठे कपॅसिटर पाहा. हापशाचं पाणी झटक्याझटक्याने पडतं, पण खाली हौद असेल तर त्याच्या तोटीला धार एकसारखी लागते. कपॅसिटरचं काम त्या हौदाचं. डायोडच्या ब्रिजमधून वीज सेकंदाला शंभर झटक्यांनी येते. कपॅसिटर सुकला की ते शंभर झटके सरळ स्पीकरमध्ये ऐकू येतात, आणि आपली घरची वीज ५० हर्ट्झची असली तरी ही घूं १०० हर्ट्झची असते. कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसेल, बुडाशी तपकिरी डाग दिसेल. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, तरीही आतलं द्रव आटलेलं असतं.

हे आटणं उष्णतेचं काम, म्हणजे आजाराची दुसरी वाट. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत, बंद खोक्यात, हीट सिंकच्या शेजारी कपॅसिटरला किती सोसावं लागत असेल! इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा सर्वसाधारण नियम असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. दुकानात ८५ अंशांचा आणि १०५ अंशांचा असे दोन प्रकार मिळतात. लिहिलेले तास सारखेच असतील तर त्याच उष्णतेत १०५ वाला साधारण चौपट टिकतो. किमतीतला फरक किरकोळ आहे, म्हणून मराठवाड्यात ८५ चा कपॅसिटर घेऊच नये. मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याएवढाच ठेवावा. व्होल्टचा तेवढाच किंवा वरचा चालतो. अधिक-उणे १६ च्या सप्लायला मी ३५ व्होल्टचाच लावतो. कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा उणे बाजू दाखवतो. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो.

तिसरी वाट हादऱ्यांची. टीव्हीची पट्टी आयुष्यभर शांत बसलेली असते. वूफरची पट्टी त्याच खोक्यात रोज हादरते. जड भागांच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वायरी, मोठे कपॅसिटर आणि ऑडिओ सॉकेट यांच्या पायांभोवती सोल्डरला केसासारखी गोल चीर पडते. वूफर कधी चालतो कधी बंद पडतो, थाप मारली की सुरू होतो, तेव्हा आयसीला हात लावू नये. भिंग घेऊन ह्या चिरा शोधाव्यात, जुनं सोल्डर काढून नवं भरावं आणि मोठे कपॅसिटर पट्टीला सिलिकॉनने चिकटवून टाकावेत. फडफड आवाज येत असेल तर स्पीकरचे स्क्रू, मागची प्लेट आणि खोक्याचे सांधे पाहा. पावसाळ्यात ओल धरलेला भुशाचा बोर्ड फुगतो, सांधा उघडतो आणि त्यातून हवा फसफसते. मोबाईलवर ४० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांवरून ओला हात फिरवला की गळती लगेच कळते.

दुरुस्त झालेला सेट आधी सिरीज बोर्डावर, मग सरळ सॉकेटवर, मागची प्लेट उघडी ठेवून तासभर मध्यम आवाजात चालवा. मग प्लग काढून हीट सिंक आणि ट्रान्सफॉर्मर हाताने चाचपा. हात ठेववत नसेल तर अजून काहीतरी राहिलं आहे. घरातली लाईट दुपारी, संध्याकाळी आणि मध्यरात्री मल्टिमीटरने मोजून ठेवा. ती वारंवार २५० च्या वर जात असेल तर वूफर आणि टीव्ही दोन्हींसाठी जास्त व्होल्टला तोडणारा कट-ऑफ बसवून घ्या, आणि महावितरणकडे तोंडी सांगण्यावर न थांबता लेखी तक्रार द्या. विजा चमकत असताना स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा, आणि डिशची केबलही काढा.

शेवटचं एक काम बहुतेक जण करत नाहीत, ते तुम्ही करा. खोका बंद करण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर तारीख, कोणता भाग बदलला आणि सप्लायवर किती व्होल्ट मोजले हे लिहा. पुढच्या वेळी हा खोका उघडणारा, मग तो तुमचा मुलगा असो, मुलगी असो की नांदेडचा कारागीर, त्याला सुरुवात त्या आकड्यापासून करता येईल.